निळ्या चकत्या

शिक्षकखोलीत, चहाच्या किटलीच्या बरोबर वर, एक पांढरा लोखंडी फळा होता. त्यावर आडव्या ओळी आखलेल्या होत्या: गेट, जेवणघर, बसची रांग, वाचनालय, शनिवार. सगळ्यांत खाली आणखी एक ओळ होती, तिला नाव नव्हतं. प्रत्येक शिक्षकाच्या रंगाच्या, कोटाच्या बटणाएवढ्या चुंबकी चकत्या होत्या. माझा रंग निळा. दर मंगळवारी शाळा सुटली की उपमुख्याध्यापक चकत्यांचा डबा घेऊन यायचे आणि येत्या शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत जादा काम कोणाला, ते फळ्यावर मांडून जायचे. गुरुवारी बाराच्या घंटेला फळा पक्का व्हायचा.

मी या देशात येऊन दीड वर्ष आणि या शाळेत लागून सात महिने झाले होते. सातव्या महिन्यात एका आठवड्याला माझ्या नऊ चकत्या लागल्या. बाकीच्यांच्या दोन किंवा तीन.

मी मूळची भौतिकशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो, तेव्हा कळलं की इथे विज्ञान शिकवायचं तर त्यांची परीक्षा द्यावी लागते. ती वर्षातून एकदा, एका शनिवारी सकाळी होते, आणि देशात आल्यापासून दोन वर्षांच्या आत दिली नाही तर पुन्हा पहिल्यापासून पदवी. पहिल्या वर्षी माझे कागद वेळेत पोचले नव्हते. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. इंग्रजीला मात्र परीक्षेची अट नव्हती. त्यांची इंग्रजीची बाई सत्राच्या मध्यावर नोकरी सोडून गेली होती, आणि गरजवंताला अक्कल नसते, तशी शाळेनंही मला मुलाखतीतच वेळापत्रक हातात दिलं.

इंग्रजी शिकवणं वाईट नव्हतं. मुलं चांगली होती. पण लंबकाचा दोलनकाळ शिकवणाऱ्या माणसानं दिवसातून चार वेळा ‘माझा आवडता प्राणी’ तपासायचा, म्हणजे पोहणाऱ्यानं घागरीत हात बुडवून समाधान मानायचं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. अभ्यासाला वेळ मिळायचा तो बसच्या रांगेवर. एका हातानं मुलांना रांगेत उभं करायचं आणि दुसऱ्या हातात अपवर्तनाचं टिपण. एकदा मी आठवीच्या तीन मुलींना चुकीच्या बसमध्ये बसवलं. त्या खूश होत्या, कारण त्यांना मैत्रिणीच्या घरी जायचंच होतं.

फळ्यावरच्या कामांखेरीज तोंडी कामंही येत. ध्वनिक्षेपकावरच्या इंग्रजी सूचना मी वाचायच्या. जिन्यावरच्या पाट्यांचं इंग्रजी मी तपासायचं. सचिव बाईंच्या भाच्याचा नोकरीचा अर्जसुद्धा मी सुधारून दिला. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नसे. मी घरी येऊन नवऱ्याजवळ कुरकुर करायची, तो म्हणायचा सांग ना त्यांना सरळ, आणि मी म्हणायची सांगते. इथे संवाद संपायचा.

त्या सुमारास माझ्या सासूबाई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. चाळीस परिचारिकांच्या पाळ्या लावण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. कोणाची आई खरोखर आजारी आहे आणि कोणाची फक्त दिवाळीच्या आधी आजारी पडते, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, असं त्यांचंच म्हणणं.

एका शनिवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात घेवडा मोडत बसलो होतो. मी पुन्हा फळ्याबद्दल बोलत होते. आईंनी विचारलं, कसा असतो तो फळा, दाखव. मी आपली कामं विसरू नये म्हणून मंगळवारी संध्याकाळी एक आणि शुक्रवारी सकाळी एक, असे दोन फोटो दर आठवड्याला काढून ठेवत असे. सात महिन्यांचे फोटो होते. तारीखवार. आईंनी ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. घेवडा माझ्याकडे सरकवला.

त्या एकेक तारीख बघत गेल्या. बोटानं फोटो पुढे नेत, मागे आणत होत्या. मग म्हणाल्या, “हा मंगळवारचा, आणि हा शुक्रवारचा. बरोबर?”

“हो.”

“मग सारखे कुठे आहेत? हा पिवळा वाचनालयावरून जेवणघरात आलाय. हा हिरवा शनिवारवरून खालच्या बिननावाच्या ओळीत. लाल तर दर आठवड्याला हलतो. तुझा निळा तेवढा जागच्या जागी.”

मी पाहिलं. मग मागचा आठवडा पाहिला. त्याच्या मागचा. अठ्ठावीस आठवड्यांचे छप्पन्न फोटो माझ्याकडे होते, आणि मी प्रत्येक फोटोत फक्त निळा रंग शोधला होता.

“उपमुख्याध्यापक बदलत असतील,” मी म्हटलं.

“मांडणारा माणूस दोनदा मांडत नसतो. मी बावीस वर्षं मांडल्या पाळ्या. हे ज्याचं त्यानं हलवलंय.” त्यांनी चष्मा काढला. “तू एम.एस्सी. झालीस ना गं?”

माझ्या आधीच्या शाळेत सूचनाफलकाला काच होती, काचेला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडे. त्याआधी प्रयोगशाळेत आम्हांला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की दुसऱ्यानं मांडलेल्या उपकरणाला हात लावायचा नाही. इथला फळा उघडा होता, चकत्या चुंबकी होत्या, त्या हलाव्यात म्हणूनच चुंबकी होत्या, आणि मी सात महिने त्यांच्याकडे हात मागे बांधून बघत होते.

“भीड भिकेची बहीण,” आई म्हणाल्या आणि घेवडा पुन्हा आपल्याकडे ओढला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की शेवटी आईंनीच त्याला दटावलं. तुझ्या बापानं तीस वर्षं कचेरीत पंख्याचं बटण शोधलं नव्हतं, उकाड्यात बसायचा, असं त्या म्हणाल्या.

पण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये. पुढच्या आठवड्यात मी बुधवारी मधल्या सुट्टीत चहा घेण्याचं निमित्त करून किटलीपाशी उभी राहिले. खेळाचे सर आले. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात. त्यांनी चहा ओतला, आणि ओतता ओतता डाव्या हातानं आपली पिवळी चकती वाचनालयावरून उचलून बसच्या रांगेवर ठेवली. कपाकडेच बघत. संगीताच्या बाई आल्या, त्यांनी लाल चकती बिननावाच्या ओळीत सोडली आणि माझ्याशी हवेबद्दल बोलल्या. कोणी कारण दिलं नाही, कोणी विचारलं नाही. फळा म्हणजे विनंती होती. बिननावाच्या ओळीत सोडली तर नाही, दुसऱ्या ओळीत नेली तर त्याऐवजी हे, राहू दिली तर हो. इतकं साधं होतं म्हणूनच मला कोणी सांगितलं नव्हतं. दाराला कडी असते हे आपण पाहुण्याला सांगतो का?

सगळे गेल्यावर मी गेटवरची एक निळी चकती उचलली. बिननावाच्या ओळीत ठेवली. गुरुवारी बाराची घंटा झाली. काहीही घडलं नाही. शुक्रवारी गेटवर पिवळी चकती होती, आणि शिट्टीसर मला जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मान लववली, जणू मी त्यांना काही भेट दिली होती.

परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी मात्र फळ्यावर मला बघायला नको होतं तेच दिसलं. शनिवारच्या ओळीत एकच चकती, निळी. त्या शनिवारी नव्या मुलांचे पालक शाळा बघायला येणार होते. बऱ्याच जणांना इथली भाषा येत नव्हती, त्यांना इंग्रजीत सगळी शाळा दाखवायची होती. वेळ सकाळी नऊ ते बारा. माझी परीक्षा नऊ ते बारा.

बुधवारी मी ती चकती हलवली. गुरुवारी साडेअकरा वाजता फळ्यासमोर तीनजण उभे होते. शनिवारची ओळ रिकामी होती. शिट्टीसर हळूच म्हणाले की एकवीस वर्षांत ही ओळ कधी रिकामी राहिली नाही. तेवढ्यात उपमुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

त्यांची खोली लहान होती. टेबलावर एक कुंडी, एक घंटीचं वेळापत्रक आणि चकत्यांचा डबा. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले, मग बसले.

“आमच्याकडून काही चुकलं का?” त्यांनी विचारलं. “तुम्ही काम नाकारायला लागलात.”

मी वाक्य घरून पाठ करून नेलं होतं. ते विसरले. शनिवारी माझी परीक्षा आहे, ती शेवटची आहे, ती नाही दिली तर मी विज्ञान पुन्हा कधी शिकवू शकणार नाही, असं सांगितलं. आणि चकती हलवता येते हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, हेही सांगितलं.

त्यांनी चकत्यांचा डबा जवळ ओढला.

“सात महिने तुम्हांला माहीत नव्हतं?”

“नाही.”

“मला वाटायचं तुम्हांला काम कमी पडतं,” ते म्हणाले. “एकही चकती हलवत नाही ही बाई. म्हणून दर मंगळवारी मी तुमच्यासाठी आणखी काम शोधायचो. पाट्या तर मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहून घेतल्या. त्या जिन्यावर पाट्यांची गरजच नव्हती.”

मग कळलं की माझी गणना इथे अधाशी लोकांत होत होती. गेटवर उभं राहणं शिट्टीसरांना मनापासून आवडतं, तिथे त्यांना पालक भेटतात, आणि मी सात महिने त्यांची जागा अडवून बसले होते. संगीताच्या बाईंना उपमुख्याध्यापक दोनदा म्हणाले होते, जरा त्या इंग्रजीच्या बाईंकडून शिका. त्यावर संगीताच्या बाई माझ्याबद्दल काय म्हणाल्या असतील, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“पण शनिवारचं काय?” मी विचारलं. पावणेबारा झाले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांनी नुसतं “कराल का” म्हटलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. सवय वाईट असते.

डबा उघडून त्यांनी तळाशी चाचपलं आणि एक पांढरी चकती काढली. तिच्यावर कोणाचा रंग नव्हता. आम्ही दोघं शिक्षकखोलीत गेलो. किटलीपाशी सगळे चहा पीत असल्यासारखे उभे होते, कपात चहा कोणाच्याच नव्हता. उपमुख्याध्यापकांनी पांढरी चकती शनिवारच्या ओळीत ठेवली आणि बाराची घंटा झाली.

“तुम्हांला इंग्रजी येतं?” शिट्टीसरांनी त्यांना विचारलं.

“उद्या संध्याकाळपर्यंत येईल,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. यावेळी त्यांनी सरळ विचारलं, शिकवाल का, आणि मी सरळ हो म्हटलं. गुरुवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं रिकाम्या शाळेतून फिरलो. प्रत्येक खोलीसाठी मी तीन वाक्यं लिहून दिली होती. ते दारात उभे राहून ती म्हणत, मी पालक होऊन अवघड प्रश्न विचारी. प्रयोगशाळेच्या दारात त्यांची गाडी अडायची. शेवटी मी म्हटलं, इथे काही बोलू नका, नुसतं दार उघडा आणि बाजूला व्हा. ते त्यांना फार आवडलं. मग त्यांनी तीच युक्ती आणखी चार खोल्यांत वापरायचं ठरवलं.

शनिवारी नवऱ्यानं मला परीक्षेच्या इमारतीपाशी सोडलं. आई मागच्या सीटवर पाण्याची बाटली आणि दोन जादा पेनं घेऊन बसल्या होत्या, जणू मी दहावीला होते. तीन तासांत एकशेवीस प्रश्न. अपवर्तनावर सात आले. ते मला बसच्या रांगेच्या क्रमानं आठवत गेले. विद्युतप्रवाहाचे दोन मी नक्की चुकवले. एकाचं उत्तर खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. साडेअकरानंतर शाळेत काय चाललं असेल असा विचार एकदाच मनात आला, तोही मी पुढच्या प्रश्नानं झाकला.

सोमवारी शिट्टीसरांनी सांगितलं की पालकांची फेरी अर्ध्या तासात संपली, कारण उपमुख्याध्यापक दारं उघडून बाजूला होत होते. पालक खूश होते. शाळा आटोपशीर आहे म्हणाले.

निकाल दीड महिन्यानं आला. आई तोवर परत गेल्या होत्या. मी जिन्यातच पाकीट फोडलं आणि तिथूनच त्यांना फोन लावला.

“पास,” मी म्हटलं.

“ते मला माहीतच होतं. किती?”

“अडुसष्ट टक्के. साठ लागतात.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“बरे आहेत,” आई म्हणाल्या. “नऊ-नऊ पाळ्या करणाऱ्या बाईला बरे आहेत. आता मला सांग, विज्ञानाचं वेळापत्रक कोण लावतं?”