मंजूर करणारा : ज्ञानदीप खोब्रागडे

"स्क्रीनवर काय लिहिलंय, जरा मोठ्यानं वाचा," विक्रांत मोघे म्हणाला.

ज्ञानदीपने चष्मा सरळ केला. "मंजूर करणारा, ज्ञानदीप खोब्रागडे."

"बस! मंजुरी तुमची. मग फालतू में सिस्टिमला शिव्या कशाला?"

"नाव माझं आहे. मंजुरी माझी नाही."

"क्या बात है! नाव तुमचं अन् मंजुरी भुताची?"

कोपऱ्यातला प्रोग्रामर उन्मेष मोठ्याने हसला.

पोलोग्राउंडमधल्या या कंपनीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनत आणि त्यांच्या आतले सॉफ्टवेअर वरच्या मजल्यावर लिहिले जाई. काट्याची चूक भरून काढणारे आकडे खालच्या चाचणीखोलीत श्रीराम काढी आणि फाइल क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये टाकी. ती तपासून प्रोग्रामरांकडे सोपवायची, हे ज्ञानदीपचे काम. भौतिकशास्त्राचा हा पदवीधर रोज महूहून येई आणि गरजेपुरतेच बोले. लोकांना तो आवडत नसे. त्याचेही लोकांविषयी फारसे वेगळे मत नव्हते.

श्रीरामची एक खोड होती. सकाळी इंटरनेट धड चालते, म्हणून तो आधीच्या मॉडेलची फाइल नव्या नावाने टाकून ठेवी आणि खरे आकडे दुपारी तिच्यात भरी. तो चहाला वर येऊन "भिया, हो गया" म्हणेपर्यंत ज्ञानदीप त्या फाइलीला हात लावत नसे. ही पद्धत कुठे लिहिलेली नव्हती. ती शास्त्रीय होती असेही म्हणता येणार नाही. मात्र तिच्यात निरीक्षणाला जागा होती.

व्यवस्थापक म्हणून आलेल्या विक्रांतने तीच जागा काढून टाकली. फोल्डरमध्ये फाइल पडताक्षणी तिकीट उघडणार, आकडे कोडमध्ये शिरणार, मंजुरीची खूण उमटणार आणि नवी आवृत्ती बाजारातल्या काट्यांपर्यंत पोहोचणार. सगळे आपोआप.

"फाइल फोल्डरमध्ये आली म्हणजे तपासून झाली, असं होत नाही," ज्ञानदीप तेव्हा भर बैठकीत म्हणाला होता.

"काकांना कोणी तरी पेनड्राइव्ह द्या रे," विक्रांतने उत्तर दिले होते.

मंजुरीचा अधिकार मात्र एकट्या ज्ञानदीपच्या खात्याला होता. म्हणून ही साखळी बांधणारी शलाका त्याच्या टेबलाशी आली. "काका, सिस्टिमला तुमचं खातं वापरायची परवानगी हवी, एक बटन दाबा ना. नुसती फॉर्मॅलिटी आहे." त्याने दाबले, न वाचता. एरवी हा माणूस औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाची. पण तो त्या दिवशी रागात होता.

अखेर एका सकाळी श्रीरामची जुन्याच आकड्यांची अर्धवट फाइल बाजारात गेली. सियागंजच्या घाऊक बाजारात भरल्या पोत्यांचे वजन कमी दिसू लागले. व्यापाऱ्यांनी काटे उचलून, शिव्यांसकट, कंपनीच्या दारात आणून आदळले.

"लिहून द्या, माझ्या नजरचुकीनं झालं म्हणून," विक्रांत आता म्हणाला. "मामला खतम."

"माझी नजर तिथं नव्हतीच. नसलेली नजर चुकेल कशी?"

"फिलॉसफी मत झाडो, भिया."

ज्ञानदीप आपल्या संगणकाकडे वळला. खाते उघडून त्याने दिलेली परवानगी शोधली आणि या वेळी ती ओळीओळीने वाचली. शलाका उठून उभी राहिली.

"काका, ते काढू नका हो! पूरी चेन बंद पडेल!"

"माझ्यावर चालत होती का? मला वाटलं, आपोआप चालते."

त्याने परवानगी काढून घेतली. भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरव्या खुणा एकामागून एक लाल झाल्या.

"चालू करा," विक्रांत म्हणाला.

"माझ्या नावानं नाही."

"तो फिर कल से आना मत."

"ठीक आहे."

इतक्या सरळ होकाराची विक्रांतने तयारी केलेली नव्हती. तो शलाकाकडे वळला. "तुझं अकाउंट जोड. अधिकार मी देतो."

शलाका कीबोर्डपासून मागे सरली. "सर, तुमचंच जोडा ना. मॅनेजर तर तुम्ही आहात."

"उन्मेष?"

उन्मेषने हेडफोन चढवले.

विक्रांत स्वतः खुर्चीत बसला. परवानगीचा मजकूर समोर उघडला. तो वाचू लागला, आणि वाचतच राहिला.

ज्ञानदीपने स्वेटर आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. तेवढ्यात फडक्याला हात पुसत श्रीराम दारात येऊन थांबला. खालपर्यंत बोलणे पोहोचलेले दिसत होते.

"टेस्टिंग झालं," तो म्हणाला. "फाइल टाकू का?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते. प्रश्न कुणा एकाला नव्हता, आणि कुणीही मान वर केली नाही. ज्ञानदीपच्या ओठांवर उत्तर आले होते. त्याने ते गिळले, श्रीरामला वाट करून द्यायला बाजूला सरकला, आणि जिना उतरू लागला.