तीन भोंगे आणि बेचाळीस गोऱ्हे

माझ्या बापाइतका हट्टी माणूस अख्ख्या ताकुआरेंबो जिल्ह्यात शोधून दाखवा, मी त्याचे पाय धुवीन! थंडीनं गवत करपलं, गोऱ्ह्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या, मी दाणे घालू म्हटलं, तरी बाबांचं एकच पालुपद: "गुरं रानात चरतात, सुल्मा. दाणे कोंबड्यांना घालतात."

वर म्हणे हिवाळा संपला की रान निलगिरी लावणाऱ्या कंपनीला देऊन टाकणार! माझा सगळा जीव त्या रानात. मी पाय आपटले.

"गोऱ्हे गुटगुटीत झाले आणि ओरोस्मान व्यापाऱ्यानं सगळेच्या सगळे उचलले, तर?"

"तर रान तुझं," माते नावाच्या आमच्या पाल्याच्या चहाचा कडू घोट ओढत बाबा म्हणाले. "होतंय कुठलं!"

मग काय, रोज सकाळी सातला भरडलेल्या ज्वारीचा खुराक सुरू. दिवसभर गवत, वरून हा. आधी मूठमूठच, कारण एकदम घातला तर पोटं बिघडतात. गाडीचा भोंगा तीनदा लांब वाजवला, की बेचाळीस गोऱ्हे शेपट्या उभारून गव्हाणीकडे! बाबा तोंड फिरवायचे. पोत्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

शनिवारी दुपारी ओरोस्मान गोऱ्हे बघायला येणार होता. आणि नेमका त्याच दुपारी आमच्या गावच्या फुटबॉल संघानं तालुक्याचा चषक जिंकला! आमच्याकडे जिंकलं की सगळ्या गाड्या रस्त्यावर, सगळे हात भोंग्यावर. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पण एकोणीस वर्षं हरणारा संघ जिंकेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

भोंगे वाजवत गाड्यांची वरात आमच्या कुंपणाजवळून गेली आणि तार तोडून गोऱ्हे तिच्या मागे! बाबा नि मी ज्वारीचं पोतं गाडीत टाकलं आणि ती हाणली. चौकात पोचलो तर एक गोऱ्हा गोलकीपरला चाटतोय, एकानं चषकाची रिबीन गिळली, पाद्रीबाबांच्या खिडकीत एकाचं डोकं. आणि गाडीसकट वरातीत अडकलेला ओरोस्मान! एकानं त्याच्या गाडीच्या खिडकीतून डोकं घातलेलं, मांडीवर लाळेचं तळं. लोकांना भलतीच मजा वाटली, त्यांनी आणखी भोंगे वाजवले. हे असे धावत राहिले तर महिन्यांची चरबी एका दुपारीत झडायची!

बाबा बाकावर चढले. "आता जो वाजवेल त्याच्या गाडीची मी गव्हाण करीन!"

सगळे हात भोंग्यांवरून खाली. बाबांनी डब्यात ज्वारी ओतली, खुळखुळ वाजवली आणि चालू लागले. मागे बेचाळीस गोऱ्हे, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. त्यांच्या मागे ओरोस्मान, एकेकाचा मागचा भरदार पुठ्ठा न्याहाळत.

"दॉन बासिलिओ, सगळे घेतो! खायला काय घातलंत हो?" त्यानं बाबांना विचारलं.

"गवत," बाबा म्हणाले. चार पावलं गेल्यावर खाकरले. "आणि माझ्या पोरीची ज्वारी."

सोमवारी कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. बाबांनी त्याला बसवलं, माते दिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुमची निलगिरी भोंगा ऐकून धावत येते का हो?"

मी स्वयंपाकघरात पळाले आणि इतकी हसले, इतकी हसले, की रडूच आलं.