आमची दहा मिनिटं

मित्रांनो, १९९६ साली माझ्या समोरच्या भिंतीवर चार नवी घड्याळं लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात दुखलं. घड्याळाला पोट असतं, बरं का. तिथेच तर माझा लंबक हलतो.

मी एक जुनं, किल्लीचं, भिंतीवरचं घड्याळ आहे. माझी पेटी सागवानी, तबकडी पांढरी आणि आकडे काळे. ज्या कारागिरानं मला घडवलं, तो दर स्क्रू पिळल्यावर कान लावून ऐकायचा. मी नीट बोलायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "जा, आता कामाला लाग." एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, शिक्षकांच्या खोलीत, मी कामाला लागलो. खोलीत एक लांब टेबल, बारा खुर्च्या आणि वाळवलेल्या रोपांची लोखंडी कपाटं होती. डांबरगोळ्यांचा वास तर माझ्या लाकडात कायमचा मुरला आहे.

विभागाच्या पहिल्या प्रमुखांना सगळे आजोबा सर म्हणत. शिक्षक तासाला उशिरा जातात म्हणून त्यांनी एके दिवशी स्टुलावर चढून माझा मोठा काटा दहा मिनिटं पुढे सरकवला. पंधरा दिवसांत सगळ्यांना ते कळलं, आणि सगळे मनातल्या मनात दहा वजा करायला लागले. सर गेले, पण काटा कोणी मागे घेतला नाही. शिपाईमामा दर सोमवारी किल्ली द्यायचे, तेव्हा आपलं मनगटी घड्याळ बघून मला बरोब्बर दहा मिनिटं पुढे ठेवायचे.

पुढे तो रिवाजच झाला. नवीन कोणी नोकरीला लागलं की पहिल्या दिवशी त्याला चहा द्यायचा आणि सांगायचं, "घड्याळाकडे बघून घाबरू नका. ती आमची दहा मिनिटं आहेत." हे सांगण्याचा मान मोठ्या बाईंचा होता. सांगून झालं की त्या म्हणायच्या, "चला, आता तुम्ही आमचे झालात." नेमणुकीचं पत्र कार्यालयातून मिळायचं. नेमणूक मात्र माझ्याखाली व्हायची!

मोठ्या बाई गवतांच्या अभ्यासक होत्या. तीस वर्षं त्यांनी माळ पालथे घालून गवतं गोळा केली, टिपकागदात दाबली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. प्रत्येक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी असे: नाव, ठिकाण, दिवस, खास खूण, गोळा करणाऱ्याची सही. असे चार हजार पुठ्ठे त्या कपाटांत होते. इतकं काम, पण बाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही.

माझ्याखाली असलेल्या कपाटाच्या खणात त्यांचं एक पत्र होतं. सव्विसाव्या वर्षी त्यांना परदेशी विद्यापीठानं दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. तेव्हा घरी मुलगा दीड वर्षाचा, सासूबाई पाय मोडून अंथरुणावर. बाईंनी नकार कळवला आणि ते पत्र टिपकागदात घालून गवताच्याच गठ्ठ्यात दाबून ठेवलं. वर्षभरानं काढलं तेव्हा ते पानासारखं सपाट आणि पिवळं झालं होतं. त्या गोष्टीबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी मात्र वरून सगळं बघत होतो.

विभागात सगळ्यांत लहान म्हणून जिला धाकटी म्हणत, ती त्यांचीच विद्यार्थिनी. तिला गवताचं कणीस भिंगाखाली धरायला बाईंनीच शिकवलं. ती परदेशी गेली, तीन वर्षांनी परत आली आणि आमच्याच विभागात लागली. येताना तिनं एक योजना आणली. तिकडच्या विद्यापीठाशी तीन वर्षांचा करार करायचा. तिकडची मुलं इथे येतील, इथली तिकडे जातील, आणि गवतांचा अभ्यासक्रम दोघांनी मिळून शिकवायचा.

त्यावर खोलीत रोज खडाजंगी व्हायची. फायलीवाले सर म्हणत, "त्यांच्या गुणांचे आपले गुण करायचे कसे? नियम कुठाय?" विभागप्रमुखांना आम्ही हो-हो सर म्हणत असू. ते म्हणत, "हो हो, नियमही बघू. हो हो, योजनाही छान आहे." मोठ्या बाई पेन्सिलीला टोक काढत बसायच्या.

एकदा धाकटीनं विचारलं, "बाई, तुम्ही काहीच बोलत नाही?"

"मी काय बोलणार गं? दुरून डोंगर साजरे. तुझ्या त्या पाहुण्यांची मुलं येतील, माझी कपाटं उघडतील, तिकडे जाऊन पुस्तक लिहितील. आपण आभाराच्या पानावर, तेही नाव चुकवून."

"चिठ्ठ्यांवर तुमची सही आहे ना, बाई."

"चिठ्ठ्या सुटतात. डिंक जुना झालाय."

बाईंना राग कशाचा होता, हे मला ठाऊक होतं. करारातून विद्यापीठाचं भलं होणार हे त्यांना समजत होतं. पण जे दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं, त्यातून धाकटी भुर्रकन जाऊन आली होती आणि आता ते सगळ्यांसाठी सताड उघडत होती. तेही हसत हसत! मित्रांनो, हेवा असाच असतो. परक्याच्या महालाचा तो कोणी करत नाही, शेजारच्या खिडकीचा करतात.

मला हे इतकं समजायचं कारण म्हणजे मीही त्याच दुखण्यानं आजारी होतो. धाकटीनं समोरच्या भिंतीवर ती चार घड्याळं लावली ना! चकचकीत, गोल, आत सेल. ज्या चार विद्यापीठांशी पुढे करार व्हायचे होते, तिथल्या वेळा ती दाखवत. खाली सुबक पाट्या. येणारा जाणारा त्यांच्यासमोर थांबून म्हणायचा, "अरे वा, तिकडे आत्ता पहाट!" माझ्याकडे बघून गेल्या चाळीस वर्षांत कोणी "अरे वा" म्हटलं नव्हतं. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावलं. नवाचे नव्वद झाले, तरी कौतुक संपेना. शिपाईमामासुद्धा त्यांना मऊ फडक्यानं पुसायचे आणि मला त्याच फडक्याच्या उरलेल्या कोपऱ्यानं.

मग तिकडच्या पाहुण्या बाई आल्या. साठीच्या, सडसडीत, पायात जाड बूट. त्या दोन दिवस राहणार, वर्गांत बसणार, शिक्षकांना भेटणार आणि मग करारावर सही करायची की नाही ते ठरवणार होत्या. त्या जी भाषा बोलत ती विभागात सगळ्यांना येत होती. मी इथे ती आपल्या बोलीत सांगतो.

त्या खोलीत आल्या तेव्हा तिथे फक्त मोठ्या बाई होत्या. धाकटी वर्ग झाडून घ्यायला धावली होती. पाहुण्या बाईंचं मनगटी घड्याळ किल्लीचं, माझ्याच जातीचं. प्रवासाच्या गडबडीत किल्ली द्यायची राहिली म्हणून ते बंद पडलं होतं. ते पिळता पिळता त्यांनी समोरच्या चार घड्याळांकडे पाहिलं आणि हसल्या.

"यातलं इथलं कुठलं?"

"त्यातलं एकही इथलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

तेव्हा पाहुण्या बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "आणि हे? हे बरोबर आहे ना?"

बाईंच्या हातात पेन्सिल होती. तिचं टोक कागदावर टेकलेलं होतं. माझा लंबक इकडून तिकडे तीनदा गेला.

"हो," बाई म्हणाल्या.

पाहुण्या बाईंनी माझ्याकडे बघत आपले काटे जुळवले. मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. समोरच्या चार दिमाखदार घड्याळांना डावलून एका परदेशी विदुषीनं माझी वेळ मनगटावर बांधली! मी त्या दुपारी जरा जास्तच मोठ्यानं टोले दिले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. धाकटीचा तास अकराचा. पाहुण्या बाई त्यांच्या अकराला, म्हणजे खऱ्या अकराला दहा कमी असताना वर्गाशी पोचल्या. दाराला कुलूप. धाकटी खऱ्या अकराच्या ठोक्याला आली. पाहुण्या बाईंच्या मनगटावर तेव्हा अकरा दहा झाले होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी फायलीवाल्या सरांचा तास, पुन्हा तेच. हो-हो सरांनी चारला चहा ठेवला होता, तिथेही त्या दहा मिनिटं एकट्याच कपबशांकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या मनगटावर खरी वेळ होती, त्यामुळे कोणाला कसलाच संशय आला नाही. इथे काहीच वेळेवर होत नाही, असं पहिल्या संध्याकाळी पाहुण्या बाईंनी आपल्या विद्यापीठाला एक पत्रही टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेवटची सभा माझ्याचखाली झाली. करार टेबलावर, पेन शेजारी. पाहुण्या बाईंनी वही उघडली.

"तुमची कपाटं पाहून मी थक्क झाले," त्या म्हणाल्या. "पण दोन दिवसांत इथे एकही गोष्ट वेळेवर सुरू झाली नाही. दर वेळी दहा मिनिटं, बारा मिनिटं. मला वाटतं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आम्ही यायला नकोच आहोत. तसं असेल तर स्पष्ट सांगा. मी माझी मुलं नको असलेल्या घरी पाठवणार नाही."

"हो हो," हो-हो सर म्हणाले. "म्हणजे, नाही नाही!"

"मॅडम, मी तर अगदी अकराला—" धाकटीनं मनगट पुढे केलं. मग तिची नजर पाहुण्यांच्या मनगटावर गेली. तिथून वर माझ्याकडे. आणि तिथून, हळूच, मोठ्या बाईंकडे. पहिल्या दिवशीचा चहा तिलाही आठवत असणार. तिला सगळं कळलं होतं. पण ती बाईंबद्दल एक अक्षर बोलली नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "हे घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

माझी टिकटिक मला जन्मात इतकी नकोशी वाटली नव्हती.

मोठ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तिची नाही. यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणाले."

"तुम्हाला माहीत नव्हतं?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"मला नाही तर कोणाला? या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ते मीच सांगते."

"मग मला का नाही सांगितलं?"

बाईंनी चष्मा काढला. "सांगितलं असतं तर तुम्ही आमच्या झाला असता."

फायलीवाले सर खोकले. मग पाहुण्या बाईंनी मनगटावरच्या घड्याळाची बारीक किल्ली बाहेर ओढली आणि धाकटीच्या घड्याळाकडे बघत काटा दहा मिनिटं मागे नेला. दोन दिवस मिरवलेली माझी वेळ त्यांनी माझ्याच डोळ्यांदेखत उतरवून ठेवली. ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

"आता मला ठाऊक झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता मी तुमची झाले का?"

"ते बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी चहा घ्या. ते चहाबरोबर सांगायचं असतं." आणि त्या स्वतः उठून चहा सांगायला गेल्या. शिपाईमामा दारातच उभे होते, तरी.

पण मित्रांनो, टाकलेलं पत्र परत येत नाही. ते तिकडे पोचलं आणि तीन वर्षांचा करार एका वर्षाचा झाला. ठरलेल्या बारा मुलांऐवजी चारच आली. धाकटी त्यानंतर पुरे सहा महिने बाईंशी "नमस्कार" पलीकडे बोलली नाही. बाईंनी माफी मागितली नाही, पण रोज दुपारी एकेक कपाट उघडून त्या चार मुलांना गवत दाखवत बसल्या. एक दिवस धाकटी डिंकाची नवी बाटली घेऊन आली आणि मुकाट्यानं शेजारच्या खुर्चीवर बसून सुटलेल्या चिठ्ठ्या चिकटवू लागली. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता एकेकाचं सांगतो. हो-हो सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी एकदा ठासून "नाही" म्हटलं आणि टाळ्या पडल्या. फायलीवाल्या सरांनीच पुढे गुणांचे नियम लिहिले, आणि करार वाढत वाढत दहा वर्षं चालला. शिपाईमामांची मुलगी आता मला किल्ली देते, ती विभागाची ग्रंथपाल आहे. पाहुण्या बाईंचं दर नव्या वर्षाला एक कार्ड यायचं, मोठ्या बाईंच्या नावानं. नंतर ते यायचं थांबलं. मोठ्या बाईंची गवतं छापून निघाली, दोन देशांत, आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव धाकटीच्या आधी होतं. पुस्तक आलं तेव्हा बाईंनी खणातलं ते पिवळं पत्र काढलं, वाचलं आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. परदेशी त्या कधीच गेल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या.

समोरची चार घड्याळं सेल संपून चार वेगवेगळ्या वेळांना बंद पडली. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. समोर टिकटिक करणारं कोणी असलं की बरं असतं.

धाकटी आता विभागप्रमुख आहे. खोलीला रंग देताना मला भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा तिनं मला पुन्हा त्याच खिळ्याला लावलं. माझ्याखाली एक पुठ्ठा आहे. सभेच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी तो मोत्यासारख्या अक्षरात लिहिला होता, दोन भाषांत:

"नाव: भिंतीवरचं घड्याळ. ठिकाण: शिक्षकांची खोली. खास खूण: दहा मिनिटं पुढे असतं. हे येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावं." आणि कोपऱ्यात, गोळा करणाऱ्याच्या जागी, त्यांची सही.

म्हणून मित्रांनो, मला पुसा, किल्ली द्या, तेल घाला, हे तर मी मागणारच. म्हाताऱ्याला तेवढा हक्क असतो. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. प्रत्येक घराची, प्रत्येक खोलीची आपली आपली दहा मिनिटं असतात. ती असू द्यात. फक्त दारात कोणी परकं उभं राहिलं आणि त्यानं वेळ विचारली, तर ती लपवू नका. सांगून टाका, आणि चहाला बसवा.