म्हणे लाकूड बोलतंय!

माझे धाकटे दीर बँडमध्ये बेस गिटार वाजवतात आणि उठता-बसता तिच्या जड लाकडाचे गोडवे गातात. ऐकून माझे कान किटले. शेवटी खांदा आखडला, तेव्हा गिटार घेऊन माझ्याच दुरुस्तीच्या दुकानात आले.

“वहिनी, वजन कमी करा. पण लाकडाला हात लावू नका, सगळा आवाज त्यातच आहे!”

मागचं झाकण उघडलं, तर आत जुन्या मालकाने कोंबलेला किलोभर शिशाचा तुकडा! तो त्यांच्यासमोर आपटला आणि हलकी झालेली गिटार हातात दिली.

तार छेडून त्यांनी तोंड वाकडं केलं. “आवाजच मेला!”

“अहो भावोजी, लाकूड तेच आहे!”

ऐकतील तर शपथ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिसं परत आत बसवलं.

त्यांनी डोळे मिटून तार छेडली. “बघा, आता कसं लाकूड बोलतंय!”