पश्चात परिवारात एक नाव

तुरुंगाच्या शेतावर पाद्रीसाहेब चालत आले की कैदी कुदळी थांबवून खाली बघत. कैद्याच्या घरचं कोणी वारलं असलं तरच ते बांधावर येत. त्या मंगळवारी त्यांनी अल्सीडचं नाव पुकारलं आणि अल्सीड हसत धावला. त्याच्या डीएनए तपासणीचा निकाल त्याच आठवड्यात यायचा होता. त्याला वाटलं, वकीलबाईंनीच निरोप धाडला.

त्याची बायको व्हर्लीन गेली होती. शनिवारी मूठमाती होती. त्याला जाऊ दिलं नाही.

निकाल सात आठवड्यांनी आला. हल्लेखोराच्या टोपीतला घाम अल्सीडचा नव्हता. खटल्यात साखर कारखान्यातल्या पाच जणांनी तो पाळीवर होता असं शपथेवर सांगितलं होतं. पाचही काळे. हल्ला झालेल्या, अंधारात क्षणभर चेहरा पाहिलेल्या गोऱ्या बाईनं त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. बारा गोऱ्या पंचांना जेवणाच्या सुट्टीआधीच खात्री पटली. त्याला तुरुंगात सव्वीस वर्षं झाली. नव्या न्यायाधीशांनी आता सहा मिनिटांत त्याला निर्दोष ठरवून सोडलं.

तो थेट मेव्हणीकडे, ओडेलियाकडे गेला. खिशात अंत्यविधीची पत्रिका होती, चुलतभावानं टपालानं पाठवलेली. वर व्हर्लीनचा निळ्या हॅटमधला फोटो. खाली लिहिलं होतं : तिच्या पश्चात बहीण, दोन भाचे असा परिवार आहे.

"दाजी, जेवून घ्या आधी," ओडेलिया म्हणाली. तिनं राजमा-भात वाढला.

"नवरा कुठंय यात?"

ती चमचा पुसत राहिली. "अख्खं चर्च येणार होतं. ताईच्या शवपेटीसमोर तुमचं नाव वाचलं की कुजबुज झाली असती. मला तेवढं टाळायचं होतं."

"तुरुंगात सरकारनं टाकलं. कागदावरून तू काढलंस."

"ताईनं एकही भेट चुकवली नाही, दाजी. मला मात्र वाटायचं, काहीतरी असेल त्याशिवाय..."

अल्सीडनं भात संपवला. मग म्हणाला, "पेन आहे?"

आमच्याकडे अशी पत्रिका कोणी टाकत नाही, ती घरातल्या बायबलमध्ये जपतात. म्हणून तो घरोघर जाऊ लागला. दार वाजवायचा, बायबल मागायचा आणि पत्रिकेवरच्या 'बहीण' या शब्दाच्या वर लिहायचा : पती अल्सीड नार्सिस. ओडेलिया गाडी चालवायची.

चर्चचे कारभारी पर्विस चष्मा लावून बघत म्हणाले, "अरे, कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर आहे तुझं."

"आत शिकलो, पर्विसदादा. मास्तर दरोडेखोर होता."

"तरीच. जागा दिसली की घुसतोस." मग ते हळूच म्हणाले, "तेव्हा वाचताना मला खटकलं होतं रे. मी गप्प बसलो."

"आता वाचा की."

त्या रविवारी त्यांनी पत्रिका सगळ्यांसमोर पुन्हा वाचली, नावासकट. पुढच्या बाकांवरच्या बायका मानानं उभ्या राहिल्या.

परतताना ओडेलियानं दफनभूमीपाशी गाडी थांबवली. उतरली मात्र नाही. "दाजी, एक पत्रिका मी ताईच्या हातात ठेवली होती. पेटी बंद करायच्या आधी."

अल्सीड एकटाच उतरून थडग्यापाशी गेला.

दोनशे पत्रिका छापल्या होत्या. हाताला लागतील तेवढ्या सगळ्यांवर त्यानं नाव लिहिलं. व्हर्लीनच्या हातातली तेवढी राहिली आहे.