कडू ते ठेवायचं

"तोंडात काय टाकलंत, जाऊबाई?"

थोरलीने ओठ घट्ट मिटले. "कुठं काय? जांभई आली."

धाकटीने पाहिलं होतं. तरी ती मान खाली घालून पुढच्या जुडीला लागली.

वैद्यबुवांच्या औषधशाळेतल्या मागच्या खोलीत दोघी जावा कितीतरी वर्षं ब्राह्मी निवडत होत्या. ओल्या चिखलातून उपटून आणलेल्या जुड्यांत हटकून घोळ ही आंबट रानभाजी मिसळलेली असे. पानं तशीच जाडसर, तशीच गुळगुळीत. ब्राह्मी तेलाच्या कढईकडे, घोळ बाहेर. नवी असताना धाकटी पान चावून बघायची, तेव्हा थोरली खो खो हसली होती. "चाखत बसलीस तर संध्याकाळपर्यंत पोट भरेल, टोपली नाही! बोटांना विचार."

थोरलीची बोटं कधी चुकली नव्हती. अलीकडे मात्र ती डबा घरी विसरायची, चपला दुसऱ्याच्या घालून जायची. त्यावर स्वतःच म्हणायची, "जन्मभर ब्राह्मी चिवडली, एक पान लागू पडेल तर शपथ!"

धाकटी हसायची, आणि थोरली पाणी प्यायला उठली की तिची टोपली भराभर पुन्हा निवडायची. मागच्या खेपेला कढईत घोळ सापडली होती. "पुन्हा असं झालं तर ज्याची चूक, त्यानं घरी बसायचं," असं बुवांनी बजावलं होतं. आणि थोरलीला घर होतं कुठे? चार भिंती होत्या. भाऊजी गेल्यापासून तिचं बोलणं-हसणं सगळं याच खोलीत.

आज बुवा दारातच उभे राहिले, टोपल्या बघत. थोरलीने एक पान चावलं, दुसरं चावलं. मग धाकटीकडे वाकून हळूच म्हणाली, "अगं, कडू ते ठेवायचं, की आंबट?"

हळूच म्हणाली, पण खोली लहान. बुवांनी मान वर केली.

धाकटी लगेच फणकारली, "घ्या! या वयात माझी परीक्षा? कडू ते ठेवायचं, आंबट ते टाकायचं. तुम्हीच शिकवलंत ना?"

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "पास झालीस," म्हणाली.

बुवा निघून गेले.

थोरली गुडघ्यावर हात टेकून उठली. आपली टोपली तिने पायाने धाकटीकडे सरकवली आणि पाट उचलून पानं धुण्याच्या टाकीपाशी नेला. "निवडणं तुझ्याकडे. मी धुते. पाणी कुणाला काही विचारत नाही."

तेव्हापासून रोज काम सुरू करताना धाकटी पहिलं पान चावून मोठ्यांदा म्हणायची, "कडू!"

टाकीकडून उत्तर यायचं, "ठेव!"

पुढे उत्तराला वेळ लागू लागला. धाकटी थांबायची. उत्तर आल्याशिवाय पान टोपलीत टाकायची नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "कडू."

थोरली टाकीत हात बुडवून बसली होती. हिरवी पानं तिच्या बोटांमधून वर येत होती, पुन्हा खाली जात होती. ती त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती.

धाकटीने आणखी थोडी वाट पाहिली.

"ठेवते हं, जाऊबाई," ती म्हणाली, आणि पान टोपलीत ठेवलं.