साडेचार इंच

टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा किंचित हलतो, आणि तो हलायलाच हवा. आकड्याच्या जाडीएवढा मागेपुढे, म्हणजे भिंतीला टेकवून मोजा नाहीतर कडेला अडकवून ओढा, माप तेच येतं. पण नवख्या माणसाला वाटतं टेप बिघडली, तो आकडा ठोकून घट्ट करतो, आणि मग त्या टेपने घेतलेलं प्रत्येक माप जरासं खोटं... तिने पर्समध्ये हात घालून अंगठ्याने आकडा हलवून पाहिला. हलत होता. समोर व्यवस्थापकबाई रहिवाशांनी भरून दिलेले कागद उलटत होत्या आणि भलत्याच खुशीत होत्या.

"पाचवा प्रश्न बघा ना, मॅडम. 'पलंगावर पडल्यावर खिडकीतून काय दिसतं?' बत्तीसातल्या पंचवीस जणांनी लिहिलंय, आकाश! किती छान ना?"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काय... 'ढग', 'काही नाही'. एका आजोबांनी लिहिलंय, 'खिडकी'." बाई हसल्या. "नाव नसलं तरी कळतंच, ते आहेतच तसे खट्याळ. आणि हे बघा, एका कागदावर लिहिलंय, 'झाड. फार सुंदर दिसतं.'"

तिने तो कागद हातात घेतला. नाव लिहायचं नव्हतं, कुणी लिहिलंही नव्हतं. पण 'झ'च्या शेपटीला दिलेला तो गोल वळसा... शाळेच्या पहिल्या दिवशी हिच्या सगळ्या वह्यांवर ज्या अक्षराने नाव घातलं होतं ते अक्षर ओळखायला तिला नावाची गरज नव्हती. ताईचं अक्षर होतं ते.

झाड दिसावं म्हणून तर ही इमारत आखताना तिने सगळा अट्टाहास केला होता. मन थकलेली माणसं इथे येऊन राहणार, चार-सहा महिने, कुणी वर्षभर. म्हणून ओळीने दारं असलेला लांबलचक व्हरांडा टाळला, दारांना वेगवेगळे रंग दिले, इमारत प्लॉटवर तिरकी बसवली, मोठी झालेली झाडं मुळांसकट आणून लावली. 'ज्या सकाळी उठवत नाही त्या सकाळी डोळे उघडले की आधी झाड दिसायला हवं' — हे वाक्य ती गेली दोन वर्षं सभांमधून म्हणत होती, आणि त्या वाक्याला टाळी ठरलेली असायची. टाळीच्या आधी ती थोडी थांबायचीसुद्धा. आता ते थांबणं आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

"तर मग हाच नकाशा पलीकडच्या इमारतीला," बाई म्हणाल्या. "साठ खोल्या. कागद तयार आहेत, जाण्याआधी सही तेवढी करून जा. सगळं जसंच्या तसं. चालत्या गाडीला खीळ कशाला?"

"ताईला भेटून येते," ती म्हणाली आणि उठली.

जिना चढताना तिच्या मनाने पहिलं काम केलं ते चूक दुसऱ्याच्या माथी मारण्याचं. पडल्यावर झाड दिसत नाही म्हणजे खिडकीची खालची कड वर घेतली असणार, दुसरं काय. तयार खिडक्या स्वस्तात मिळाल्या असतील, ठेकेदाराने बसवल्या असतील दोन-तीन इंच वर, आणि आपण त्या आठवड्यात कुठल्या तरी सभेत... किती सोपं होतं ते! पायरीगणिक तिला ठेकेदाराचा राग येत गेला आणि रागाबरोबर थोडं बरंही वाटत गेलं. वर पोहोचेपर्यंत तिने त्याला लिहायच्या पत्राचा मायनाही ठरवला होता.

ताई पलंगाच्या कडेला बसून पायात चपला सरकवत होती. चार महिन्यांपूर्वी ही ताई अंथरुणातून उठेनाशी झाली होती. जिने नोकरी करून हिला शिकवलं, हिच्या नकाशांच्या गुंडाळ्या बसमधून छातीशी धरून नेल्या, ती ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "मला आता काही सांगू नका गं." आणि हिने तिला इथे आणलं. माझ्याच इमारतीत, असं सगळ्यांना सांगत आणलं.

"चहाचा वार माझा आहे आज," ताई म्हणाली. "दहा जणांचा चहा. तुला बिनसाखरेचा ना? बस, आलेच."

"ताई, झाड दिसतं का गं तुला?"

"दिसतं की. ते काय." ताईने खिडकीकडे न बघताच हात केला आणि ती गेली.

दिसत होतं. उभं राहिलं की दिसतच होतं, कठड्यापलीकडे हिरवंगार, वाऱ्याने पानं उलटीसुलटी होत असलेलं. दर शनिवारी ती त्या खुर्चीत बसून झाड बघायची आणि ताईची चौकशी करायची, की झाडाची चौकशी करायची आणि ताईला बघायची... पलंगावर मात्र ती कधी टेकली नव्हती. तिने टेप काढली. आकडा जमिनीला टेकवला, पट्टी वर ओढली, खिडकीची खालची कड. एकतीस इंच. पुन्हा मोजलं. एकतीस. नकाशात जेवढी होती तेवढीच, सुतासारखी सरळ. ठेकेदाराचं पत्र मनातल्या मनात फाटलं.

मग ती ताईच्या पलंगावर आडवी झाली.

पांढरी चौकट. चौकटीची कड. कडेच्या वर पांढरट, रिकामं, ऊन न पडलेलं आकाश, आणि त्यात काहीही नाही... पाखरूसुद्धा नाही. आपण आजारी आहोत आणि उठवत नाही असं धरून ती तशीच पडून राहिली, आणि मिनिटाभरात तिला त्या रिकाम्या चौकोनाची भीती वाटायला लागली. चार महिने. रोज सकाळी हे. पण मग तेव्हा कसं दिसलं? नमुन्याची अख्खी खोली उभी केली होती की आपण, गच्चीवर, प्लायवूडची, खऱ्या मापाची, आणि बाहेर झाडाऐवजी बांबूला हिरवं कापड बांधलं होतं, पलंग हाच, गादी हीच, सगळे कौतुकाने बघत होते आणि ती आडवी होऊन ओरडली होती, "दिसलं! इथेच धरा कड!" मदतनीस पोरगी टेप घेऊन वाकली होती. त्याच्या आधी तिने विचारलं होतं, मॅडम, उशी...

मॅडम म्हणाल्या होत्या, "दोन दे."

तिने डोक्याखाली हात घातला. एक उशी होती, पातळ. इथे सगळ्यांना एकच, पातळ. मानेला तेच बरं म्हणून डॉक्टरांनी तसं सांगितलेलं होतं आणि ते कागदावरही होतं, तिच्या फायलीत. तिने शालीची घडी केली आणि उशीखाली सारली. झाड आलं. आधी शेंडा, मग फांद्या, मग ते सबंध हलतं हिरवं. साडेचार इंच, फार तर.

आणि दोन का? कारण मला दोनच लागतात. कारण मला कायम दोन मिळत आल्या. सुट्टीतली दुपार, एक मोठी सतरंजी, दोन बहिणी, दोन उशा... आणि आई पदराने वारा घेत दारातून म्हणते आहे, "दे गं तिला तुझी, लहान आहे ती." आणि ताई, नऊ वर्षांची ताई, आपली उशी इकडे सरकवत म्हणते आहे, "घे. मला सपाटच आवडतं." सपाटच आवडतं! चाळीस वर्षं मी ते खरं धरून चालले. लोकांना सांगितलंसुद्धा हसत हसत, की आमची ताई बिनउशीची झोपते. बत्तीस खिडक्यांची कड मी माझ्या डोळ्याला लावून घेतली, आणि माझ्या डोक्याखालची एक उशी ताईची होती... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता काय करायचं ते अगदी सोपं होतं. पलीकडच्या इमारतीत कड गुपचूप खाली घ्यायची, 'अनुभवातून सुधारणा' असं लिहायचं. टाळी पडेल. आणि इथे बत्तीस जाड उशा देणगी म्हणून पाठवायच्या. बाई आभाराचं पत्र लिहितील. माना दुखल्या तर दुखल्या. कुणाला काही कळणार नाही. एकीला कळलं होतं, आणि ती 'फार सुंदर दिसतं' असं लिहून मोकळी झाली होती.

"अगंबाई!" ताई दारात होती, दोन्ही हातांत कप. "झोपलीस होय ठमे? पड, पड. उठू नकोस." तिची नजर शालीच्या घडीवर गेली. "तुला उंच लागतंच."

हिला उठवेना. ताईने कप खुर्चीवर ठेवले आणि पायाशी बसली.

"दिसतंय ना?" ताईने विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं. ते खोटंही नव्हतं. तिने मान उचलली, शाल ओढून काढली आणि डोकं खाली टेकवलं.

"नाही दिसत, ताई. तुझ्या उशीवरून नाही दिसत."

आता ती म्हणेल, असू दे गं, तेवढ्यानं काय होतं. म्हणेल, मला आकाशच आवडतं. ती वाट बघत राहिली. किती आतुरतेने वाट बघते आहे ते लक्षात आलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिले दोन महिने मी रोज मान उचलून बघायची," ताई म्हणाली. आवाज कोरडा होता. "तू केलंयस म्हणून. मान भरून यायची गं. नुसतं पडून राहायचं म्हटलं तरी इथे तुझ्या झाडासाठी कष्ट. मग सोडून दिलं."

"मग लिहिलंस कशाला तसं?"

"काय लिहू मग?" ताई एकदम चिडली. चिडलेली ताई तिने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. "सगळ्या जन्मात एक उशी मागितली नाही तुझ्याकडे, ती आता मागू? ऊठ बघू माझ्या जागेवरून."

ती उठली. ताई आडवी झाली, सपाट, आणि आकाशाकडे बघत राहिली. खुर्चीवर चहा निवत होता. खाली टेबलावर साठ खोल्यांचे कागद सहीसाठी थांबले होते, आणि बाईंना नेमकं काय सांगायचं, कुठल्या तोंडाने, त्यातलं 'मी' कुठे घालायचं... काही ठरलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसली. टेपचा आकडा जमिनीला टेकवला आणि पट्टी ताईच्या डोळ्यापर्यंत वर नेली.

"सांभाळ," ताई म्हणाली. "डोळा फोडशील."

साडेअठ्ठावीस. कडेपेक्षा अडीच इंच खाली. ते वाचल्यावरही तिने पट्टी सोडली नाही. 'असू दे' ताईने म्हटलं नव्हतं, अजूनही म्हणत नव्हती. तिने ते आता म्हणू नये, असंच हिला पहिल्यांदा वाटत होतं.